न्यूमोनिया व्हायरल की बॅक्टेरियल? तान्ह्या आणि दुडदुडत्या मुलांकडे पाहायचं कसं

पावसाळा सरत आला की थंडी संपेपर्यंत माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, ‘‘मॅडम, व्हायरल आहे की बॅक्टेरियल?’’ प्रश्न रास्त आहे. व्हायरल असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि बॅक्टेरियल असेल तर दिरंगाई चालत नाही. तरी तालुक्याच्या गावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला जे पक्कं पटलंय ते आधीच सांगून टाकते. हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, बाळाला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत का आणि किती? त्याचं उत्तर घरी, झबलं वर करून, एका मिनिटात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पहिल्या दिवशी कुणाकडेच खात्रीचं नसतं, माझ्याकडेही नसतं. तो अंदाज असतो. तो बांधायचा कसा आणि दोन दिवसांत तपासून बघायचा कसा, हे आईवडिलांनाही कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण ते दोन दिवस बाळ तुमच्या नजरेसमोर असतं, माझ्या नाही.

आधी श्वास मोजा

बाळ रडत असेल तर थांबा. अंगावर पीत असेल तर पिणं होऊ द्या. ताप फणफणला असेल तर आता मोजा आणि ताप उतरल्यावर परत मोजा, कारण तापात श्वास वाढतोच. नाक चोंदलं असेल तर सलाईनचे थेंब टाकून मोकळं करून घ्या. मग आईच्या मांडीवर बाळ शांत असताना झबलं छातीच्या वर सरकवा, उजेड एका बाजूनं येईल असं बसा आणि फोनवर एक मिनिट लावा. नजर छाती आणि पोट जिथे मिळतात तिथे ठेवायची. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्ही बाळं मधेच चार-पाच श्वास भरभर घेतात आणि मग जरा थांबतात, त्यामुळे हिशोब साफ चुकतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेल्या मर्यादा आपल्याकडे आशाताईंनाही शिकवल्या जातात. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. एवढे श्वास असतील तर ते ‘भरभर’ धरायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० भरले तर परत एकदा मोजून खात्री करायची.

आकडा झाला की छातीकडे पाहा. एरवी बाळ श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. श्वास आत घेताना शेवटच्या बरगड्यांचा भाग आत ओढला जात असेल आणि पोट तेवढं उडत असेल, तर आजार पुढे गेलेला आहे. आमच्याकडच्या आज्या ‘‘पोट उडतंय बघा’’ म्हणत बाळ घेऊन येतात, आणि त्यांची नजर पक्की असते. नाकपुड्या फुलणं आणि प्रत्येक श्वास सोडताना ‘हं... हं...’ असं कण्हणं ही त्याच वाटेवरची चिन्हं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर व्हायरल-बॅक्टेरियलचा काथ्याकूट करत बसू नका, गाडी काढा किंवा १०८ ला फोन लावा. बाळ पीत नाही किंवा अंगावर घेतच नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतंय, झटका आला, उठवूनही जागं होत नाही, ओठ-जीभ निळसर दिसतात, श्वास मधेच थांबतोय, किंवा शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र आवाज येतोय. ऑक्सिमीटर असेल तर मोठ्यांची बोटात अडकवायची क्लिप तान्ह्या बाळाला नीट बसत नाही आणि आकडा फसवा येतो. लहान मुलांचा प्रोब पायाच्या अंगठ्याला लावतात. ९० च्या खाली म्हणजे ऑक्सिजन लागणारच. मी स्वतः ९२ च्या खालच्या बाळाला घरी पाठवत नाही.

नुसतं श्वास मोजून काय होतं, असं कुणाला वाटेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८८ मध्ये गडचिरोलीच्या गावांत नेमकं हेच केलं. तिथे एक्स-रे नव्हता, लॅब नव्हती. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि साधं, तोंडावाटे घ्यायचं अँटिबायोटिक हाती दिलं. हा प्रयोग १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी भरले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी मणी सरकवून श्वास मोजायचं साधनही केलं होतं. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात सेकंद दाखवणारा फोन आहे.

मग हकिगत सांगा, नीट सांगा

व्हायरल की बॅक्टेरियल याचा निम्मा अंदाज मला हकिगतीतूनच येतो. म्हणून ‘‘कालपासून आजारी आहे’’ एवढ्यावर थांबू नका.

ऑक्टोबरातली एक सात महिन्यांची मुलगी सांगते. थोरल्या भावाला अंगणवाडीतून सर्दी आली होती, मग आईला झाली, मग हिला. दोन दिवस नाक गळत होतं, तिसऱ्या दिवशी खोकला आणि छातीत शिट्टी. ताप १००-१०१. श्वास मिनिटाला ५६, बरगड्यांखाली थोडं ओढलं जात होतं. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंनी सारखाच घरघराट. आणि ताप उतरला की ही माझ्या गळ्यातली नळी ओढायला बघत होती, हसत होती. ही व्हायरल आजाराची ठसठशीत कहाणी. घरात सर्दीची साथ, हळूहळू चढत जाणं, आधी नाक मग छाती, शिट्टी, दोन्हीकडे सारखे आवाज, आणि ताप नसताना बाळ बऱ्यापैकी खुशीत. सोबत डोळे लाल किंवा जुलाब असतील तर पारडं आणखी व्हायरलकडे झुकतं. दोन वर्षांखालच्या मुलांत यामागे बहुतेक वेळा आरएसव्ही हा विषाणू असतो. त्यातली पुष्कळ बाळं खरं तर न्यूमोनियाची नसतातच. बारीक श्वासनलिकांना सूज येते, त्याला आम्ही ब्राँकिओलायटिस म्हणतो. हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जोरात असतो आणि मग उतरतो. चौथ्या दिवशी बाळ जास्त दमलेलं दिसलं म्हणून अँटिबायोटिक हवंच असं नाही. मात्र त्या दिवशी त्याला पुन्हा दाखवायला हवं, हे नक्की.

आता दुसरं मूल. अडीच वर्षांचा मुलगा, सकाळी खेळत होता, दुपारी थंडी वाजून एकदम १०४ ताप. नाक कोरडं, घरात कुणालाही सर्दी नाही. खोकला जेमतेम. तो सारखा पोट धरून ‘‘इथं दुखतंय’’ म्हणत होता, म्हणून घरच्यांनी जंत, अपचन, सगळं करून झालं होतं. पॅरासिटामॉलनं ताप शंभरवर आला तरी पोरगा मलूल, आईच्या खांद्यावर डोकं टाकून श्वासागणिक कण्हत होता. शिट्टी अजिबात नाही, पण उजवीकडे खाली एकाच जागी श्वासाचा आवाज दबलेला. फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया लहान मुलांत पोटदुखी होऊन समोर येतो, हे लक्षात ठेवा. अचानक सुरुवात, चढा ताप, ताप उतरल्यावरही न खुलणारा चेहरा, एकाच बाजूची खूण, कण्हणं, शिट्टी नसणं, ही बॅक्टेरियल न्यूमोनियाची कहाणी. यामागे बहुतेक वेळा न्यूमोकॉकस हा जिवाणू असतो.

तिसरी कहाणी सगळ्यात फसवी. फ्लू झाला किंवा गोवर आला, मूल सुधारायला लागलं, एक-दोन दिवस ताप नव्हता आणि मग पुन्हा सणकून ताप, श्वास भरभर. व्हायरसनं आतलं अस्तर दुखावलेलं असतं आणि त्यावर जिवाणू बसतात. ‘‘मधे बरं वाटत होतं’’ हे वाक्य आईच्या तोंडून आलं की मी सावध होते. तेव्हा हे न विचारताच सांगा.

आता उलट बाजू, कारण मला तुम्हाला खोटी खात्री द्यायची नाही. ॲडिनोव्हायरस पाच-पाच दिवस १०४ ताप काढतो, फ्लूही काढतो. विषाणू आणि जिवाणू दोन्ही एकाच वेळी असू शकतात. नाकातला शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणू झाले, हा समज तर मोडीतच काढा. साध्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसाच होतो. ‘तापाच्या औषधानं ताप उतरला, म्हणजे व्हायरल’ हेही खरं नाही. ताप दोन्हींत उतरतो. उतरल्यावर मूल कसं आहे, ते बघायचं.

लसीचं कार्डही सोबत आणा. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना असे तीन डोस, फुकट. पेंटाव्हॅलंटमध्ये हिब या दुसऱ्या मोठ्या जिवाणूविरुद्धची लस असते. सगळे डोस वेळेवर झालेले असतील तर माझा अंदाज व्हायरलकडे सरकतो. आईवडील कामासाठी ऊसतोडीला, वीटभट्टीला गेल्यामुळे डोस राहिलेलं मूल समोर असेल तर मी अँटिबायोटिकसाठी कमी थांबते.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ

वरच्या व्हायरल-बॅक्टेरियलच्या कहाण्या इथे लावायच्या नाहीत. इतक्या लहान बाळाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. खोकलाही नसतो. ते फक्त दूध ओढायचं कमी करतं, रडणं बारीक होतं, हातपाय हलवत नाही. भरभर श्वास, छाती ओढली जाणं, ताप किंवा थंडगार अंग, यातलं एकही दिसलं तर दवाखान्यात भरती. तिथे इंजेक्शनची अँटिबायोटिक्स लगेच सुरू होतात. या वयात वाट पाहायला जागाच नसते.

फोटो, रक्त आणि स्वॅब

‘‘मॅडम, एकदा छातीचा फोटो काढून घेऊ, म्हणजे कळेल.’’ कळत नाही, हे मी समजावते आणि पुन्हा समजावते. फुप्फुसाचा एक अख्खा भाग पांढरा झाला असेल तर जिवाणूची शक्यता वाढते, आणि दोन्हीकडे पसरट जाळं नि जास्त हवा भरलेली फुप्फुसं दिसली तर विषाणूची. मधल्या सगळ्या फोटोंत दोन अनुभवी डॉक्टरांचीही मतं जुळत नाहीत. ब्राँकिओलायटिसमध्ये चिकट कफानं नळी बुजून फुप्फुसाचा एखादा कोपरा मिटतो, फोटोत तो अगदी न्यूमोनियासारखा दिसतो आणि बाळाला विनाकारण इंजेक्शनं लागतात. जे मूल घरी राहून बरं होणार आहे त्याला सहसा फोटो लागत नाही. भरती करायची असेल, औषधाला दाद मिळत नसेल, फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू झाल्याची शंका असेल, तेव्हा मी स्वतःहून काढायला सांगते.

रक्तात पांढऱ्या पेशी १५ हजारांवर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप चढा असेल तर जिवाणूकडे बोट जातं, पण ॲडिनोव्हायरसही दोन्ही चढवतो, आणि सुरुवातीच्या बारा तासांत जिवाणू असूनही सीआरपी कमी येऊ शकतो. रिपोर्ट वाचताना एकक बघाच. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसीलिटर. एकीकडचे ४० म्हणजे दुसरीकडचे ४. ‘‘मागच्या वेळी ४० होता, आता ४ आला, उतरला की’’ असं म्हणत आलेले बाबा मी पाहिलेत, आणि मूल होतं तिथंच होतं. प्रोकॅल्सिटोनिन ही तपासणी त्यातल्या त्यात बरी. ती ०.२५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर जिवाणूची शक्यता खूप कमी होते. पण ती महाग आहे आणि आमच्याकडून नमुना शहरात पाठवावा लागतो. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडणं तर फार क्वचित. थुंकी या वयाची मुलं देऊ शकत नाहीत. आणि नाकाच्या स्वॅबमध्ये विषाणू सापडला म्हणून फुप्फुसात जिवाणू नाहीतच, असं होत नाही.

मग मी अंदाज कशाच्या जोरावर बांधते? एक तर वरच्या हकिगतीच्या, आणि दुसरं, मोठ्या अभ्यासांच्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. एक्स-रेत न्यूमोनिया दिसलेल्या भरती मुलांपैकी ६६ टक्क्यांत फक्त विषाणू सापडले, ८ टक्क्यांत फक्त जिवाणू. अमेरिकेचं इथे काय, असं म्हणाल तर २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांचा अभ्यास आला, त्यात शेजारचा बांगलादेशही होता. गंभीर न्यूमोनियानं भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ६१ टक्के विषाणू, २७ टक्के जिवाणू, आणि एकटा आरएसव्ही ३१ टक्के. म्हणजे लहान मुलांत विषाणू जास्त, हे नक्की. पण जीव घेण्यात जिवाणू पुढे आहेत, म्हणून भरभर श्वास घेणाऱ्या, शिट्टी नसलेल्या बाळाला मी अँटिबायोटिक देते आणि त्याबद्दल मला संकोच नाही.

पुढचे ४८ तास

खरा निवाडा इथे होतो. अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर साधारण दोन दिवसांत ताप खाली यायला हवा, श्वासाचा आकडा कमी व्हायला हवा, मूल प्यायला लागायला हवं. कागदावर लिहून ठेवा, सकाळ-संध्याकाळ श्वास किती, ताप किती, किती वेळा प्यायलं, लघवी किती वेळा झाली. तो कागद मला रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर अर्थ तीन. आजार मुळात व्हायरल आहे, किंवा औषध त्या जंतूला लागू पडत नाही, किंवा पू झालाय. यातलं काय ते दवाखान्यातच ठरेल. दुकानातून आणखी ‘स्ट्राँग’ बाटली आणून ते ठरत नाही. अँटिबायोटिक न देता घरी पाठवलं असेल तरी दोन दिवसांनी दाखवायचंच, आणि श्वास वाढला तर त्याच रात्री.

औषधाबद्दल थोडंच सांगते. पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला. डोस वजनावर ठरतो, म्हणून शेजारच्या बाळाची उरलेली बाटली चालत नाही. साध्या न्यूमोनियाला पाच दिवस पुरतात. अझिथ्रोमायसिनची तीन दिवसांची बाटली आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, पण न्यूमोकॉकस तिला जुमानेनासा झालाय आणि या वयात तिची गरज क्वचितच पडते. खोकल्याचं सिरप न्यूमोनियावर काहीच करत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका असं बजावलं. या वयात ती बाटली घरात नकोच. ओवा-लसणाची धुरी आणि चुलीजवळचा शेक यानं धूर थेट सुजलेल्या नळ्यांत जातो. आणि पोटावर चटके, मेळघाटात ज्याला डंबा म्हणतात, त्यानं न्यूमोनिया तर हलत नाहीच, वर भाजलेल्या जखमेतून नवे जंतू आत जातात. करायचं ते इतकंच. नाक मोकळं ठेवा, थोडं थोडं पण वारंवार पाजा, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

नेहमीचा न्यूमोनिया नसेल तर

खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, वजन वाढत नाही, आणि घरात आजोबांना किंवा कुणालाही टीबी झालेला आहे, तर ते पहिल्या भेटीतच सांगा.

आणि वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला एकाच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर डोकं दुसरीकडे चालवावं लागतं. शेंगदाणा, चणा, चिंचोका, सीताफळाची बी. खाता खाता एकदम ठसका लागला, जीव घाबरला, मग सगळं शांत झालं, आणि दोन-चार दिवसांनी ताप. हा ठसका घरच्यांच्या लक्षातून जातो, कारण मूल नंतर बरं दिसत होतं. बी नळीत अडकून बसलेली असते आणि तिच्यापुढच्या भागात वारंवार संसर्ग होतो. अँटिबायोटिकनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, बंद केलं की परत सुरू. शेंगदाणा किंवा बी साध्या फोटोत दिसत नाही, दुर्बीण घालून काढावी लागते. तेव्हा गेल्या महिन्या-दोन महिन्यांत मूल खाताना कधी ठसकलं होतं का, हे घरातल्या सगळ्यांना, थोरल्या भावंडांनाही विचारून या.